नाव तेवढं खाली घ्या

गारखेड्यातल्या आमच्या दुकानात मी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि श्रद्धांजलीचे बोर्ड करते. इतकी वर्षं झाली की मान कायमची एका बाजूला धरलेली असते, डोळे चुरचुरतात आणि 'फक्त थोडं' एवढं ऐकलं तरी माझं डोकं फिरतं. फक्त थोडं वर घ्या, फक्त थोडं बाजूला घ्या. लोक मोबाईलवर आलेलं तयार चित्र आणतात आणि त्यातली अक्षरं सरकवायला सांगतात. मूळ फाईलमध्ये अक्षरं वेगळी असतात, फोटो वेगळा असतो, हवं ते हलवता येतं. पण एकदा त्याचा सपाट फोटो झाला की सगळं एकजीव होतं. मग अक्षर हलवा म्हणणं म्हणजे वळलेल्या लाडवातून तूप परत मागणं. अक्षर उचललं की खाली भोक राहतं, ते आजूबाजूचे रंग आणून लिंपावं लागतं. हे मी पूर्वी समजावून सांगायची. हल्ली नुसतं "बघते" म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात देवगाव रंगारीकडचे एक काका आले. लाईट जाऊन नुकतीच परत आली होती, माझी अर्धी पत्रिका पुसली गेली होती आणि मी आधीच वैतागलेली होते. काकांनी मोबाईल काऊंटरवर ठेवला. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड होता. वर पुढारी हात जोडून उभा, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. दुसऱ्या रांगेतल्या एका तरुणावर त्यांनी बोट ठेवलं. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. मोटारसायकलवरून येताना गेला होता आणि आठवड्यावर वर्षश्राद्ध आलं होतं. गावात बोर्ड लावायचा होता.

"लई काम नाय, ताई. नाव तेवढं खाली घ्या, म्हंजी तोंड पूर्ण दिसंल."

शुभेच्छुक फार आणि जागा कमी असली की आम्ही नावाची पट्टी सरळ हनुवटीवर बसवतो. डोळे आणि मिशी दिसली की माणूस ओळखू येतो, आणि नाव नसलं तर भांडायला येतो. हा बोर्ड दुसऱ्या दुकानातला होता, पण पिवळी पट्टी नेमकी मी लावते तिथंच लावलेली होती. ओठांच्या खालून थेट शर्टाच्या कॉलरपर्यंत. अशा किती हनुवट्या मी झाकल्या असतील, हे त्या दिवसापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

दुसरा फोटो नाही का, मी विचारलं. नव्हता. होता तो आधार कार्डावरचा शाळकरी वयातला, त्यात निम्मा काळपट. लग्न झालेलं नव्हतं. बोर्डावरचा फोटो त्यानं नवा पांढरा शर्ट घालून स्वतःच्या मोबाईलवर काढून घेतला होता आणि तो मोबाईल त्याच्यासोबतच चिरडला गेला होता. बोर्ड करणाऱ्या दुकानानं जुन्या फाईली काढून टाकल्या होत्या. आम्हीही टाकतो.

काकांना बसायला सांगून मी कामाला लागले. पट्टी खाली सरकवणं सोपं होतं. शर्ट पांढरा, तिथं लिंपण दिसतच नाही. पण वर जे भोक पडलं, तिथं आणायला हनुवटी नव्हती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या फोटोतली उचलून बसवली, रंग जुळवला, मिशीच्या कडा पुसट केल्या. मला तरी ठीक वाटलं. काका स्क्रीनजवळ आले, बघितलं आणि म्हणाले, हा आपला नाय. रागावले नव्हते. उलट मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, म्हणून मला जास्त लागलं.

मग मी त्यांनाच भिंतीसमोर उभं केलं आणि फोटो काढला. बापाची हनुवटी पोराला. पांढरे खुंट पुसले, गळ्याच्या सुरकुत्या काढल्या, कातडी ताणली. ते शेजारच्या खुर्चीवर बसून आपलंच तोंड तरुण होताना बघत होते. त्यांना पाणी विचारायचं भान मला राहिलं नाही. तासाभरानं एक पूर्ण चेहरा तयार झाला. मला खरंच दमायला झालं होतं आणि आता ते हो म्हणोत, एवढीच माझी इच्छा होती.

"अशीच होती ना, काका?"

ते स्क्रीनकडे वाकले. त्याची हनुवटी आईवर गेली होती, असं आधी म्हणाले. ती तर तो लहान असतानाच वारली होती. मग म्हणाले, नाय, माझ्यावरच असंल. मग चष्मा काढून पुसला.

"मला आता नीट आठवत नाय, ताई. वर्षभर रोज हाच फोटू बघतोय. डोळं मिटलं तरी तिथं पट्टीच दिसती."

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

"तुम्ही केली तीच धरू," ते म्हणाले.

बोर्डाचं काम तिथंच ठरलं. मी नवा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. जाताना त्यांनी मोबाईल परत माझ्याच हातात दिला आणि पट्टीवाला फोटो काढून टाकायला सांगितलं. दोन दोन दिसले की घोळ होतो, म्हणाले. मी त्यांच्यादेखत तो पुसला. त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि हात जोडले.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये तो पट्टीवाला फोटो अजून आहे. त्या पट्टीखाली काय होतं, हे आता कुणालाच माहीत नाही, आणि तो पुसायला माझा हात धजत नाही.