शिट्टीमास्तरांचं पाणी

शिट्टीमास्तर फुटबॉलचे पंच होते, आणि पंचगिरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातसुद्धा कुणाची बाजू घेणं त्यांच्या जिवावर यायचं. सासू-सुनेचं खटकलं की हे टॉवेल घेऊन आंघोळीला पळायचे, मग सकाळची आंघोळ झालेली का असेना. सामन्याला जाताना पाण्याची बाटली स्वतःची. कुठल्याही संघाकडचा चहा नाही, घोटभर पाणी नाही. मुलगी मुलींच्या संघाची प्रशिक्षक झाली, तरी तिच्याकडचंही नाही. एकदा ऐन उन्हात बाटली घरी राहिली, तर हा गृहस्थ कोरड्या घशाने अख्खा सामना खेळवून आला आणि दारातच मटकन खाली बसला. बायको इस्पितळात नर्स. तिने त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि मग तोंडाचा पट्टा सोडला.

असा माणूस निवडणुकीला उभा राहणार म्हटल्यावर गल्ली हसणारच. पण मैदानावर गदा आली होती. नगरपालिकेला तिथे गाड्या लावायला इमारत बांधायची होती. ठराव झाला होता. तो पाळायचा की मोडायचा, हे निवडणुकीनंतरचे नवे सदस्य ठरवणार होते. मैदान गेलं तर मुलींच्या संघाला दुसरी जागा नव्हती. म्हणून मास्तर अपक्ष उभे राहायला निघाले होते.

त्यांना अडवलं बायकोनेच. भाजी निवडता निवडता तिने स्पष्ट सांगितलं, की अपक्षाला कोण विचारतं? मैदान हवं असणाऱ्यांची मतं फुटतील, जांभळ्या झेंड्याचे लोक निवडून येतील आणि मागोमाग बुलडोझर. पिवळे आपणहून तिकीट देतायत, आता मैदान वाचवायचा शब्द देतायत, तर मुकाट घ्या. मास्तरांनी बरेच दिवस चालढकल केली. शेवटी एकदाचं "बरं" म्हणाले. त्या "बरं"मध्ये काही जीव नव्हता. तिला ते कळलं, आणि तिने काणाडोळा केला.

उमेदवारी जाहीर करायच्या सभेला सभागृह खच्चून भरलं. मुलींच्या आया पुढच्या रांगेत. मास्तर मंचावर, इस्त्रीच्या शर्टात, पायापाशी बाटली आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी घालून या, लोक तुम्हाला त्यावरूनच ओळखतात, असं पिवळ्यांनीच बजावलं होतं. पुढे जे झालं त्याचं खापर निदान त्या शिट्टीपुरतं तरी पिवळ्यांवर फोडायला हवं.

पिवळ्यांचे दादा बोलायला उठले. आवाज चढला, हात हलायला लागले. मैदानावर इमारत बांधायचा ठराव एकट्या जांभळ्यांचा, आपल्या माणसांनी छातीचा कोट करून विरोध केला, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

नर्सबाईंनी टाळी वाजवली नाही. ठरावाच्या दिवशी नवरा-बायको दोघं नगरपालिकेत मागच्या बाकावर बसून होते. जांभळ्यांचे हात वर गेले होते, पिवळ्यांचेही. सगळ्यांत आधी दादांचा. तिने मंचाकडे पाहिलं. मास्तरांचा हात छातीकडे सरकत होता. गिळा, ती मनात म्हणत होती, अहो, आज एवढं गिळा.

शिट्टी वाजली. कानठळ्या बसवणारी, मैदानावर वाजते तशी. सभागृह चिडीचूप. मास्तर हात उंच करून उभे होते, आणि आपण काय केलं ते त्यांनाच नुकतं कळत असावं, कारण चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा," ते म्हणाले, "हात तुमचाही वर होता."

दादा हसले, मास्तरांची तब्येत बरी दिसत नाही म्हणाले. आतल्या खोलीत तिकीट दुसऱ्याला गेलं, आणि मास्तरांना जिन्याची वाट दाखवली गेली.

मैदानावर मुलीच्या संघाचा सराव चालू होता. बातमी त्यांच्याआधी तिथे पोचली होती. नर्सबाईंनी सगळा रस्ता दातओठ खात काढला होता. तिथे पोचल्यावर मात्र राहवलं नाही.

"तुमची शिट्टी राहिली स्वच्छ. या पोरींनी कुठे खेळायचं?"

मास्तर म्हणाले, तुझंच खरं, आता अपक्ष उभा राहिलो तरी मतं फुटणारच. आणि मतं मागायला बाजू लागते, ती मला जन्मात जमली नाही.

"मला आहे बाजू," मुलगी म्हणाली. "मी भरते अर्ज. अपक्ष."

"अगं, मतं फुटतील," आई म्हणाली.

"दोघांचेही हात वर होते ना, आई? मग मतं फुटायला मैदानाच्या बाजूचा दुसरा आहे कोण?"

पोरगी आपटणार, हीच भीती नर्सबाईंच्या मनात होती. तिची उमेद पाहून डोळे भरून आले, तेही खरं.

"बाबा, माझ्यासाठी दारोदार फिरशील?"

मास्तरांचा घसा सुकला होता, त्यांची बाटली मंचावरच राहिली होती. मुलीने सवयीने संघाची बाटली पुढे केली, मग आठवण होऊन हात मागे घेतला.

मास्तरांनी ती तिच्या हातातून घेतली आणि सगळ्या मुलींच्या देखत घटाघटा प्यायले.