आत्याची पाण्याची बाटली

चादर घ्यायची म्हटलं की सगळं घर आत्याला पुढे करायचं. दुकानदार कितीही गोड बोलो, ती आधी चादर उजेडात धरून वीण पाहायची आणि मग पिशवीतून पाण्याची बाटली काढायची. कोपरा भिजवून तिने दोन बोटांत चोळला की भल्याभल्या चादरींचं पितळ उघडं पडायचं.

त्या दिवशी ती भाचीसाठी आली होती. वर्षापूर्वी भाचीचं लग्न आत्यानेच जुळवलं होतं. मुलाचा कडक इस्त्रीचा सदरा आणि अदबीचं बोलणं पाहून तिने चहा संपायच्या आत होकार देऊन टाकला. लग्नात दिलेली चादरही तिच्याच पसंतीची. ती बिचारी अस्सल निघाली, पण नोकरी सोडलेले जावईबापू दिवसभर तिच्यावर लोळत, म्हणून मधोमध विरली.

दुकानदाराने करकरीत चादर पसरली. "शुद्ध सुती आहे, हात लावून बघा."

आत्याने पाणी लावून चोळलं. बोटांना पांढरा चिकटा आला आणि कोपरा लुळा पडला.

"ही सगळी खळीची ऐट," ती म्हणाली. "पहिल्या धुण्यात हिचं पोतेरं होईल. वरच्या कडकपणाला भुलायला मी काही दुधखुळी नाही."

शेजारी उभ्या असलेल्या भाचीने बाटलीचं झाकण लावलं आणि ती आत्याच्या पिशवीत नीट ठेवली.

"आत्या, यांना बघायला गेलीस तेव्हा ही घरी राहिली होती का गं?"