सोहनबाईंची जेठ वद छठ

सोहनबाईंनी कांदेपोह्यांची बशी संपवली आणि चहाला हात लावला, तेवढ्यात दार वाजलं. "उघडंच आहे!" ओट्यापाशी उभ्या सुनेने, चांदनीने, आतूनच सांगितलं.

खोकल्यावरूनच सोहनबाईंनी ओळखलं. विसरवाडीची नणंद, धापूबाई. गुडघ्यांपायी तीन वर्षं ती एसटीची पायरी चढली नव्हती. आज केर-सांगरीच्या भाजीचा डबा घेऊन खापरला हजर.

"हे काय भाभी, घरात कांद्याचा वास? खीर कधी चढवणार? श्राद्धाचे महाराज बाराला पानावर बसतील ना!"

"कसली खीर, बाईसा?"

"भाईजींची तिथ ना आज! जेठ वद छठ. म्हातारपणी नवरा विसरलीस की काय?" धापूबाई हसली. हसणारी ती एकटीच.

चांदनी कॅलेंडरपाशी गेली. "भुआजी, जेठाला अवकाश आहे. आज वैशाख वद्य षष्ठी."

"अगं, ते इकडचं! इकडे महिना अमावास्येला संपतो, आपला पुनवेला. आपला जेठ लागून सहावा दिवस आज."

सोहनबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

सतराव्या वर्षी नागौरकडून त्या खापरला आल्या. नवरा, मांगीलालजी, दर दिवाळीला मारवाडातून टिपणं, म्हणजे तिकडचं पंचांग, मागवत. दुकानाचं कुलूप निघण्याआधी सोहनबाईंची तिथी वाचून झालेली असे. चौथ असली की चंद्र दिसेपर्यंत उपास, अमावास्येला पापड लाटायचे नाहीत. लेकरांच्या जन्माच्या तारखा त्यांना कधी आल्या नाहीत, तिथ्या मात्र घटकेसकट पाठ. मांगीलालजी गेले, टिपणं यायचं बंद झालं, वर्षभरात काचबिंदूने नजर नेली. मग त्या सुनेला म्हणत, "जेठ वद छठ बघ गं." नंदुरबारात शिकलेली चांदनी भिंतीवरच्या इकडच्या कॅलेंडरात बघे. दिवाळी-होळी साऱ्या बाजाराबरोबर होत, त्यामुळे कधी काही चुकलंसं वाटलं नाही. चुकत होता तो एका माणसाचा दिवस, अख्ख्या महिन्याने.

"म्हणजे तीन वर्षं..." चांदनी कॅलेंडरापासून वळली. "मम्मीजी, मी विचारायला हवं होतं."

"तुला कुठून सुचणार? मीच सांगायला हवं होतं. तीन वर्षं ते आपल्या दिवशी दाराशी आले असतील. उपाशीच गेले."

"अगं, अजून आठ वाजताहेत," धापूबाई नरमली. "महाराजांना फोन करते. दूध मागव, चांदनी."

"मी खाऊन बसलेय, बाईसा. कांदा खाऊन."

धापूबाईने काढलेला फोन परत पिशवीत ठेवला.

भिंत चाचपत सोहनबाई मोरीत गेल्या. चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. चांदनी टॉवेल घेऊन उभी राहिली, तेव्हा तो न घेताच त्या म्हणाल्या,

"आपल्याकडचं टिपणं मागव. आणि मी काही तोंडात घालायच्या आधी रोज मला तिथी वाचून दाखव. एवढंच कर."