सोशिकला जुळेना

आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या काकांना सगळे यमककाका म्हणत. वर्तमानपत्राच्या कचेरीत शोकजाहिरातींच्या खिडकीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. फोटोखाली छापायच्या दोन ओळींची कविता काका उभ्या उभ्या करून देत. डोळे सुजलेली माणसं समोर आली की "कसे होते?" विचारायचं आणि उत्तर ऐकता ऐकता हात खोक्यात घालायचा. खोक्यात चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एक विशेषण आणि पुढे त्याला जुळणारे शब्द. कुणी प्रामाणिकपणे "तापट होते" म्हणालं, तर काका समजूत घालत, की तापटला चापट जुळते, ती शोभायची नाही. त्यापेक्षा प्रेमळ घेऊ, निर्मळ तयार आहे. त्यामुळे जिवंतपणी कशीही वागलेली माणसं मेल्यावर झाडून सगळी प्रेमळ निघत. मेल्यावर इतकं सुधारणारं गाव दुसरं नसेल.

पुढे काकू आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी हात टेकले. काकूंनी मागितलं एवढंच, की जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांवर लिहिलंत, आता माझ्यावरच्या दोन ओळी माझ्या कानांनी ऐकू द्या. काका विरघळले. खोकं घरी आणलं, खाटेशी स्टूल ओढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि सवयीनं विचारलं, "कशी होतीस?"

काकूंनी तेही गिळलं. म्हणाल्या, तुम्हीच सांगा. चौतीस वर्षांचा संसार, आणि काका पेन्सिलीला पुन्हा टोक करू लागले. मी औषधाची बाटली घेऊन दारात उभा होतो. शेवटी काकूच हळूच म्हणाल्या, "सोशिक लिहा."

काकांनी खोकं पालथं घातलं. "सोशिकला नुसतं मासिक निघतंय गं. मायाळू घेऊ या का? त्याला चिक्कार आहेत."

काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रागावरच त्या बऱ्या झाल्या, असं आमची आई म्हणते. दोन ओळींचा विषय मात्र काकूंनी पुन्हा कधी काढला नाही. काकांनाही आठवला नाही.

गेले ते काकाच, पुढच्या वर्षी, ताटावरून उठता उठता. जाहिरात द्यायला काकूंबरोबर मी गेलो. खिडकीवर नवा कारकून होता, खोकं तेच. त्यानं अदबीनं विचारलं, कसे होते?

काकूंनी चष्मा पुसला. खोक्याकडे पाहिलं.

"कसेही लिही रे," त्या म्हणाल्या. "जुळल्याशी कारण."