थोरल्या जावयाचं दार

माझ्या थोरल्या साडूंएवढा निश्चयी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो सगळा निश्चय त्यांनी एका जागी उभं राहण्यात खर्च केला आहे. राणीसावरगावला पुतणीच्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. ‘जेवल्याबिगर कोण जातंय ते बघतोच,’ म्हणाले आणि नवरदेवाच्या मामाला गाडीतून उतरवून दुसऱ्यांदा पंगतीला बसवलं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. कसलाही बिघाड असो, मोटार आधी दिवसभर उन्हात ठेवायची. ‘निम्म्या तर ओलीनंच रुसतेत,’ हे त्यांचं शास्त्र.

माझी मुलगी पुण्याहून शिकून आली ती एक खेळ घेऊनच. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि लढाईत वार लागला की चुकला ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं; आकडा मोठा तेवढा वार जबर, वीस म्हणजे थेट वर्मी. गोष्ट सांगणारा मी. मुलगी जादूगारीण झाली, बायको मोठ्या हौसेने चोर झाली, आणि साडू झाले ढालवाले सरदार. पहिल्याच रविवारी दुपारी भुयारात सहा राक्षस आले. साडूंनी मांडी बदलली आणि म्हणाले, ‘मी दारात उभा हाय. ढाल पुढं. या म्हणावं एकेकानं.’ राक्षस एकेकाने आले आणि एकेकाने मेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. चुकलं ते तिथंच.

पुढचं दीड वर्ष प्रत्येक लढाई दारातच झाली. मी उडणारे राक्षस आणले, तर साडू गाभाऱ्यात शिरून त्याच्या दारात. उघडं माळरान दिलं, तर त्यांनी दोन बैलगाड्या शेजारी उभ्या करायला लावल्या. ‘मधली फट हेच दार!’ शेवटी मी हट्टाने राक्षसांना बाहेरच बसवून ठेवलं.

‘ते आत येत नाहीत, भाऊ.’

‘बसू द्या. आमाला कुठं घाई हाय? चहा होऊ द्या तवर.’

चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात मुलगी मला म्हणाली, ‘बाबा, माझ्या जादूगारणीने दीड वर्षात फक्त काकांची पाठ पाहिली आहे. सांगा ना त्यांना!’

‘मी कसं सांगू? थोरले जावई आहेत ते.’

‘मग राक्षसांनाच सांगायला लावा,’ बायको म्हणाली.

मी सांगितलं नाही. त्याहून वाईट केलं. पोळ्यानंतरच्या रविवारी पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी राक्षसाचा फासा टाकला. सात पडले. मी ‘वीस’ म्हणालो. पुन्हा टाकला, चार पडले. मी पुन्हा ‘वीस’ म्हणालो. सरदार दारातच कोसळला. साडूंनी सरदाराची ताकद लिहिलेल्या कागदावर शून्य मांडलं. मग त्यांनी विचारलं, ‘ह्या दोघी जित्त्या निघाल्या का मागून?’

‘निघाल्या.’

‘मग बरं झालं,’ म्हणाले, आणि सरदाराचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी ते वैद्य होऊन आले. लढाई लागली की मुलीला विचारायचे, ‘आता मी काय करू, बेटा?’ तिच्या मंत्रांनी घर दणाणून गेलं. चूक झाली असं कुणालाच वाटत नव्हतं, माझ्याखेरीज. तीन रविवार मला घास गोड लागला नाही. चौथा येऊ द्यायचा नाही असं ठरवून शनिवारी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो आणि उभ्या उभ्याच बोललो, ‘भाऊ, सात पडले होते. मग चार. सरदार मेला नव्हता, मी मारला. तुम्हाला तोंडावर कसं सांगावं ते कळेना.’

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘कट्टाळली व्हती पोरगी?’

‘हो.’

‘आन् तुमी आपले उडणारे राक्षस आणायलाव!’ ते एवढे हसले की डोळे पुसावे लागले. उद्या सरदाराला उठवू या म्हणालो, तर मान हलवली. ‘नको. पोरगी आता रंगात हाय.’

मग पाना उचलत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘साडूभाऊ, नुसतं सरका म्हणला असता, तर सरकलो असतो की.’

त्यांना आजवर तसं कुणी म्हटलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्या ढालीमागे सुखरूप उभं राहून कुरकुरत होतो.