परसात लावलेले अण्णा

मला एकदा आमच्याच परसात लावण्यात आलं होतं.

बेंगळूर घोड्याच्या जटक्यांतून हिंडायचं, त्या काळातली ही गोष्ट. बसवनगुडीतल्या आमच्या घरामागे माझी बायको सुशीला बालवाडी चालवायची. पाटी नाही, पेन्सिल नाही, बाक नाही. मुलं माती उकरायची, बादलीत पानं तरंगवायची, खारीमागे धावायची आणि चिंचोके मोजता मोजता त्यातले एकदोन गिळायची. याला ती शिक्षण म्हणे!

"अगं, चिखलात लोळायला शाळा कशाला?" मी विचारायचो. "म्हशीला कुणी शिकवलंय?"

"म्हशीलाच विचारा," ती म्हणायची. "तुमचं जमेल."

एकदा चिकपेटेत तिच्या बहिणीकडे बारसं निघालं. पण बालवाडी बंद ठेवायची तिची छाती होईना. "अ आ इ ई कधी शिकवणार?" म्हणून आधीच मुलांच्या आया कुरकुरत होत्या. दार एक दिवस जरी बंद दिसलं असतं, तरी मुलं कायमची दुसरीकडे गेली असती.

"मी सांभाळतो," मी छाती फुगवून म्हणालो. "ऑफिसात अख्खा सेक्शन सांभाळणाऱ्याला ही चिल्लीपिल्ली काय जड?" (सेक्शन साहेब सांभाळायचे. पण बायकोला ते सांगण्याचा प्रसंग अजून आला नव्हता.)

साहेबांना पोटदुखीचा निरोप धाडला आणि घरी राहिलो.

"हे बघा," जटक्यात चढता चढता सुशीला म्हणाली, "त्यांना काही शिकवू नका. ती खेळतील त्यात शिरा. आणि कुणाला रडवू नका. ठीक? सरी?"

"सरी!"

जटका वळणाआड गेला न गेला तोच मी टाळी वाजवली. "चला, रांगेत बसा! हाताची घडी, तोंडावर बोट!"

मुलं चक्क बसली. मला वाटलं, संपलं काम!

"अण्णा, हा कुठला खेळ?" पद्मानं विचारलं. पद्मा म्हणजे चार वर्षांची, दोन शेपट्यांची, त्या बालवाडीची खरी मालकीण.

"हा खेळ नाही. ही शिस्त."

"मग नको आम्हाला," असं म्हणून ती उठली. तिच्यामागे सगळी रांग उठली. एकाचा ओठ थरथरायला लागला. माझी तंतरली!

"रडू नको रे राजा! बरं, तुम्हीच सांगा खेळ."

"झाड लावायचं," पद्मा म्हणाली.

"लावा की!"

"झाड नाहीये. तुम्ही व्हा."

नारळाचं रोप लावायला सुशीलानं एक खड्डा खणून घेतला होता. 'खेळतील त्यात शिरा,' असं ती म्हणाली होती, मी शिरलो. गुडघाभर! मुलांनी भराभर माती लोटली. मग करवंट्यांनी, मगांनी, एकानं तर तोंडात गुळणी भरून, मला पाणी घातलं. मग सगळ्यांनी हात धरून माझ्याभोवती फेर धरला आणि माती थयथय तुडवली.

"पुरे रे, स्वल्प सैल ठेवा!"

"झाडं बोलत नाहीत," पद्मा म्हणाली. "आता वाढा!" आणि मला वाढत ठेवून सगळी मंडळी ओसरीवर गूळ-शेंगदाणे खायला निघून गेली.

मी पाय ओढला. हलेना. आमच्याकडची ती तांबडी माती, भिजवून तुडवलेली! दोन्ही हातांनी मांडी धरून जोर लावला तेव्हा कळलं की मी थोडा थोडा वर येतोय, पण धोतर येत नाहीये. त्याचा सोगा माझ्याबरोबरच गाडला गेला होता. म्हणजे बाहेर येणं शक्य होतं, पण मला एकट्यालाच!

तेवढ्यात फाटक वाजलं. "बालवाडीच्या अक्का आहेत का घरी?"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आमचे कृष्णमूर्तीसाहेब! ऑफिसला जाता जाता नातवासाठी बालवाडी बघायला आले होते. ती माझ्या बायकोची आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. आता लागला.

साहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. (खालचा भाग फारसा नव्हताच.)

"पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"पोट सरी आहे, साहेब. पाय जरा..."

ते काही बोलणार, एवढ्यात पद्मा धावत आली. साहेबांच्या पायामागे त्यांचा नातू श्रीधर दडला होता. पोर कुणाशी बोलत नसे, आजोबांचा हात सोडत नसे. दुसऱ्या शाळेतून दारातूनच परत आलं होतं. पद्मानं त्याच्या हातात मग कोंबला. "घाल पाणी. वाढत नाहीये हे."

श्रीधर जागचा हलेना. साहेबांचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. मी हात वर केले, बोटं पानांसारखी हलवली आणि खोल आवाजात म्हणालो, "ता-हा-न!"

पोरानं आजोबांचा हात सोडला! दबकत आला आणि हातातला मग उपडा केला माझ्या अंगावर. मी शहारलो तसा खदखदून हसला आणि ओरडला, "अज्जा, इन्नू बेकंते!" म्हणजे, याला अजून हवंय! लगेच दुसरा मग.

"साहेब, जरा हात देता का?"

"हलू नका!" साहेब दबक्या आवाजात ओरडले. "अजिबात हलायचं नाही! पोर खेळतंय!" आणि ज्यानं ऑफिसची वेळ कधी चुकवली नव्हती तो माणूस आमच्या धुण्याच्या दगडावर ठाण मांडून बसला.

सुशीला परतली तेव्हा परसात मुलं, त्यांना न्यायला आलेल्या आया आणि साहेब असा सगळा मेळा होता. मध्यभागी मी. डोक्यावर झेंडू, कानात गवत, बोटांना चिंचेचे डहाळे. श्रीधर घरी जायला तयार नव्हता आणि त्या कुरकुऱ्या आया पदर तोंडात धरून हसत होत्या. अ आ इ ई चं नाव कुणी काढलं नाही.

"अक्का," पद्मानं तक्रार केली, "हे झाड कसलं हो? फूल नाही, फळ नाही, नुसतं बोलतंय!"

सुशीलानं माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"असू दे गं," ती म्हणाली. "सावलीपुरतं ठेवलंय."

सगळ्या संसारात बायकोनं चारचौघांत केलेली माझी एवढीच तारीफ. तीही बाहेर येऊन नमस्कार करत स्वीकारता आली नाही. धोतर अजून खालीच होतं!