बोडीवरचा माड

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी आसगाव सोडलं, तेव्हा बाबा पवनीच्या एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. गाडी हलली तशी खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "आपल्या बोडीचं एक चित्र काढून धाड बाबू." बोडी म्हणजे आमच्या धानाला पाणी देणारं लहानसं तळं. बाबांच्या आज्यानं खोदलेलं, म्हणून बाबांना तिचा भारी अभिमान.

मी पणजीला एका चित्रांच्या दुकानात लागलो. तिथे खपायचं एकच: चांदणी रात्र, समुद्र आणि माड. नारळाच्या झाडाला तिकडे माड म्हणतात. मीही म्हणायला लागलो. अ‍ॅक्रिलिक रंग तिथेच पहिल्यांदा हाताळले. बघता बघता वाळतात, म्हणून हात झरझर चालवावा लागतो. काळसर निळ्यावर पांढऱ्यात चिमूटभर पिवळा घालून चंद्र, खाली पाण्यावर त्याचा पट्टा, कडेला वाकलेला माड. दिवसाला तीन चित्रं व्हायची. बोडीचं तेवढं राहून जायचं. आज काढू, उद्या काढू म्हणता सहा वर्षं गेली. माझ्यासारखे जे गावाबाहेर पडलेत, त्यांना हे सांगायला नको.

बाबांचं तिसरं पत्र आलं तेव्हा एका बैठकीत चित्र उरकलं आणि पार्सल करून टाकलं. लाज वाटते सांगायला, पण बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, असलेल्या मोहाच्या झाडाच्या जागी सवयीनं माड उतरला होता आणि मला ते कळलंही नाही.

कळलं ते बाबा गेल्यावर. तार उशिरा मिळाली. मी पोचलो तोवर तेरवीसुद्धा होऊन गेली होती. चित्र दर्शनी भिंतीवर टांगलेलं. बोडीवर गेलो, तर पाळीवर काट्यांच्या कुंपणात नारळाचं एक वाळलेलं रोप. मागून माय आली.

"चित्रात बोडीवर नारळ कुठून आला म्हनून लोकं हसत. मंग तुया बाबानं भंडाऱ्याहून रोप आनलं. बोडी आटली का विहिरीवरून घागरीनं पानी आनून घालत. म्हनत, पोरगं खोटं पडाले नाई पाह्यजे. ते बिमार पडले, मंग पानी कोन घालन?"

आमच्याकडच्या उन्हात नारळ तग धरत नाही, हे बाबांना कळत नव्हतं असं नाही. जन्म शेतीत गेला होता त्यांचा.

घरी येऊन मी पिशवीतले रंग काढले. अ‍ॅक्रिलिकवर पुन्हा रंग चढतो. माड झाकून मोह काढायला अर्धा तास पुरला असता. मायनं माझा हात धरला. "कायले मिटवतं? त्यायनं साऱ्या गावाले हेच दाखवलं. राहू दे."

मी तिथेच बसून रडलो. चित्र आहे तसंच आहे.

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं की मी आसगाव सांगतो, आणि डोळ्यांपुढे बाबा येतात, भर उन्हात घागर घेऊन माझी चूक जगवायला निघालेले.